अर्धा र

सुरुवात केळुसकरांपासून झाली.
लीड्सच्या मंडळाचं संमेलन, दीडशे पानं,
वांग्याची भाजी त्यांनी एकट्यानं रांधलेली,
आणि माझ्या पत्रकात छापून आलं :
‘आचार्यांचे मनापासून आभार.’
केळुसकर म्हणाले, “मॅट्रिकला दोनदा बसलो, बाई,
आज एकदम आचार्य?
वांग्यांना कळवायला हवं.”

मी ‘आचाऱ्यांचे’ असंच लिहिलं होतं.
बोटं शपथेवर सांगत होती.

शेवटच्या गाडीनं टॉडमॉर्डनला परतले.
दिवसा मी हॅलिफॅक्सच्या डेपोत बसची वेळापत्रकं लावते.
त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
त्या फुकट, सगळ्यांच्या, कुणाच्याच नसलेल्या प्रोग्रॅमचं
पोट उघडून बसले.
नऊ हजार ओळी,
लिहिणारे कुठले कुठले.
एकानं मध्येच शेरा मारलेला :
‘हे का चालतं माहीत नाही. हात लावू नका.’

तिसऱ्या रात्री सापडलं.
र च्या पायाशी एक टिंब असतं,
छापल्यावर ते दिसत नाही,
पण त्याच्याच जोरावर अर्धा र
पापणीसारखा आडवा निजतो.
कुणीतरी साफसफाई करताना
केर समजून झाडून टाकलं होतं.
टिंब गेलं की र उडून डोक्यावर बसतो,
आचारी पंडित होतो,
दऱ्यांचा होतो दर्या.

दर्यापाशी मात्र मला हसू आलं नाही.
दोन हिवाळ्यांमागं कॅल्डर
याच दरीत, याच घरात,
जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत चढून आली होती.
शेजारचे रॉय सटक्लिफ
भिंतीवरची पेन्सिलची खूण अजून पुसू देत नाहीत.

तीन ओळी काढल्या, एक घातली.
पाठवायचं बटण दाबण्याआधी
भांडी घासली, विसळली,
कधी नव्हे ती पुसलीसुद्धा.

अकरा दिवस काही नाही.
मग इल्से नावाची कुणी :
‘ओळींच्या आधीच्या मोकळ्या जागा चुकल्यात.
चाचणी कुठे आहे?
आणि या दोन शब्दांत फरक काय?
मला सारखेच दिसतात.’

राग आला. मग वाटलं, तिनं कुठं खाल्लीय ती भाजी.
लिहिलं : एक समुद्र. दुसऱ्या, मी राहते तसल्या.
खोडलं.
पुन्हा लिहिलं, शहाण्यासारखं, आकड्यांनिशी.
चाचणीत शब्द घातले : दऱ्या, सुऱ्या, पायऱ्या,
आणि शेवटी, कुणाला न विचारता,
‘आचाऱ्यांना’.

त्या रविवारी रॉय वरच्या माळावर
चुन्याशिवायची ढासळलेली भिंत लावत होते.
मोठ्या दगडांच्या पोटात मूठ मूठ खडे,
बाहेरून एकही दिसणार नाही असे.
“कुणाची आहे ही?”
“ज्याची होती तो वारला.
मेंढरांना कुठं ठाऊक आहे?”
मी थोडा वेळ खडे वेचून दिले.

मंगळवारी डेपोत, चहाच्या सुट्टीत,
फोनवर एवढंच : ‘घेतलं. आभार.’
आता त्यांच्या नावांच्या यादीत मी आहे,
ब्राझीलचा एक बाप्या आणि नुसतीच दोन आद्याक्षरं,
त्यांच्या मधोमध.
तांबटचं ताबंट केलंय त्यांनी.
त्यासाठी वेगळी दुरुस्ती पाठवावी लागेल,
इल्से विचारेल, फरक काय.

रात्री नवी आवृत्ती उतरवून घेतली,
कोऱ्या पानावर टाइप केलं :
वाऱ्यानं दार वाजतंय.
पापणी जागच्या जागी.
बराच वेळ बघत राहिले.
दार खरंच वाजत होतं.
रॉय. हातात माझं, चुकून त्यांच्याकडे पडलेलं
विजेचं बिल.